'मिन्स वर्ड्स' वापरायचं कसं: रोखठोक इंग्रजीच्या एका वाक्प्रचाराची सविस्तर ओळख

इंग्रजी वर्तमानपत्रात कोर्टाच्या बातम्या वाचणाऱ्याला 'द कोर्ट मिन्स्ड नो वर्ड्स' हे वाक्य नवं नाही. न्यायालयाने एखाद्या महापालिकेला फटकारलं किंवा कुणा अधिकाऱ्याची कानउघाडणी केली, की बातमीदार हा वाक्प्रचार हमखास काढतो. वाचताना अर्थ कळतोच: भीडभाड न ठेवता, स्पष्ट आणि जोरकस बोलणं. पंचाईत होते ती स्वतः वापरायची वेळ आल्यावर. कुणी 'आय विल नॉट मिक्स वर्ड्स' लिहितं, कुणी 'मिन्स माय वर्ड' असं एकवचन करतं. त्याहून जास्त वेळा असं होतं की वाक्प्रचार बिनचूक उतरतो, पण त्यापुढचं वाक्य इतकं गुळमुळीत असतं की वाचणाऱ्याला वाटावं, मग एवढी तयारी कशाला केली होती?

व्याकरण फार नाही, ते लवकर उरकता येतं. खरं काम त्या पुढच्या वाक्यात आहे. 'मी आता शब्द मऊ करणार नाही' असं लिहिलं की वाचणाऱ्याला शब्द दिल्यासारखं होतं, आणि तो पुढच्याच ओळीत पाळावा लागतो.

१. आधी अर्थ पक्का करा

'मिन्स' म्हणजे बारीक चिरणं. आपण ज्याला खिमा म्हणतो तो ब्रिटनमधल्या खाटकाकडे 'मिन्स' असतो. अमेरिकेत त्यालाच 'ग्राउंड' म्हणतात. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि मांसाबरोबर बोलण्यालाही लागू झालं. कठीण गोष्ट ऐकणाऱ्याला सहज गिळता यावी म्हणून तिचे लहान लहान तुकडे करून पुढे करायची, हे शब्द 'मिन्स' करणं.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त हा अर्थ स्वच्छ दिसतो. रात्री दारूच्या नशेत मारामारी होते, सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ तिच्यात सापडतो. इयागो हा दुसरा अधिकारी घडलेलं सांगतो आणि ऑथेल्लो त्याला म्हणतो, तुझा प्रामाणिकपणा आणि तुझी माया हे प्रकरण 'मिन्स' करते आहे, कॅसिओचा दोष हलका करते आहे. (भांडण लावलेलं असतं ते इयागोनेच. मऊ बोलणारा माणूस भला असतोच असं नाही, हे त्या नाटकापुरतं तरी खरं.) तिथे 'मॅटर' मिन्स होतं. आजही 'नॉट टू मिन्स मॅटर्स' असं क्वचित वाचायला मिळतं, पण ते जुन्या वळणाचं वाटतं. तुम्ही 'वर्ड्स'च वापरा.

अर्थाची एक कड इथेच लक्षात घ्यावी. शब्द मिन्स करणारा माणूस खोटं बोलत नसतो आणि विषयही टाळत नसतो. तो गोष्ट सांगतो, फक्त बोथट करून सांगतो. विषयाभोवती नुसत्या घिरट्या घालणाऱ्यासाठी 'बीट अराउंड द बुश' हा वेगळा वाक्प्रचार आहे. ब्रिटिश लोक 'अबाउट द बुश' म्हणतात. समजा, एखादा ठेकेदार पैसे संपले म्हणून काम थांबवणार आहे. तो अर्धा तास पावसापाण्यावर बोलला आणि पैशांचा विषयच काढला नाही, तर तो घिरट्या घालतो आहे. 'जरा ओढाताण चालू आहे, बघू' एवढंच म्हणाला, तर तो शब्द मिन्स करतो आहे. 'उद्यापासून मजूर येणार नाहीत, माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत' म्हणाला, तर 'ही डिडन्ट मिन्स वर्ड्स'.

२. नकार हवाच

हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी नकारातच येतो. 'शी मिन्स्ड हर वर्ड्स' असं होकारार्थी वाक्य व्याकरणात बसतं, पण कानाला विचित्र लागतं. बाई अडखळत किंवा पुटपुटत बोलल्या असाव्यात, असा कुणाचा समजही होऊ शकतो. मऊ बोलल्या असं म्हणायचं असेल तर 'शी सॉफ्टन्ड द मेसेज' किंवा 'शी वॉज बीइंग टॅक्टफुल' म्हणा.

नकाराची नेहमीची रूपं अशी:

'शी डिडन्ट मिन्स हर वर्ड्स.' घडून गेलेल्या एका प्रसंगाबद्दल. ब्रिटिश इंग्रजीत 'हर', 'हिज', 'माय' लावण्याकडे कल असतो. अमेरिकेत नुसतं 'मिन्स वर्ड्स' जास्त ऐकू येतं. दोन्ही बरोबर, एका पत्रात एकच ठेवा.

'द रिपोर्ट मिन्सेस नो वर्ड्स.' बातमीदारी थाटाचं. अहवाल, निकालपत्र, पत्र, अग्रलेख असे निर्जीव कर्तेही इथे चालतात.

'शी इज नॉट वन टू मिन्स वर्ड्स.' स्वभावाबद्दल. आजी कशी होती हे सांगताना हेच रूप घ्यावं.

'विदाउट मिन्सिंग वर्ड्स' हे वाक्याला जोडायला सोपं. म्हणूनच त्याचा अतिवापर होतो, त्याबद्दल पुढे.

'लेट्स नॉट मिन्स वर्ड्स.' बैठकीत, सगळ्यांना सामील करून घेत. यात 'आपण' हा सूर असल्याने टोचत नाही.

'वर्ड्स' अनेकवचनीच. 'मिन्स'चा उच्चार शेवटी साध्या 'स'ने करा. तो 'मिंट्स', म्हणजे पुदिन्याच्या गोळ्या, याच्या इतका जवळ जातो की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही कधी कधी 'मिंट्स वर्ड्स' लिहून बसतात. 'मिक्स वर्ड्स' ही चूकही आपल्याच वाट्याची नाही, तिकडेही होते.

'मिन्सिंग' हा शब्द एकट्याने मात्र कुणा माणसापुढे लावू नका. 'मिन्सिंग वॉक' म्हणजे नखरेल, छोटी छोटी पावलं टाकत चालणं. समलिंगी पुरुषांची टवाळी करायला हा शब्द वापरला गेला आहे, त्यामुळे तो लागतो.

३. पुढे काय जोडायचं

विषय सांगायचा असेल तर 'अबाउट': 'शी डिडन्ट मिन्स वर्ड्स अबाउट द स्टेट ऑफ द रोड्स.' कृती सांगायची असेल तर 'इन' आणि पुढे 'आयएनजी'चं रूप: 'द जज मिन्स्ड नो वर्ड्स इन क्रिटिसाइझिंग द डिले.' 'मिन्स वर्ड्स ऑन' किंवा 'मिन्स वर्ड्स टू हिम' अशी जोडणी करू नका. कुणाशी बोलले ते सांगायचं असेल तर 'विथ' लावता येतं, जसं 'डोन्ट मिन्स वर्ड्स विथ मी'. पण दोन वेगळी वाक्यं केलेली जास्त सुटसुटीत: 'आय स्पोक टू द कॉन्ट्रॅक्टर. आय डिडन्ट मिन्स वर्ड्स.'

४. कोण कुणाबद्दल म्हणतंय ते पाहा

तिसऱ्या माणसाबद्दल सांगताना हा वाक्प्रचार सगळ्यात सहज वाटतो. 'डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं', 'अध्यक्षांनी भीड ठेवली नाही' अशा ठिकाणी तो हळूच कौतुकही करून जातो. 'ब्लंट' म्हटलं की थोडा कोरडेपणा येतो, 'रूड' म्हटलं की दोष येतो. 'डिडन्ट मिन्स वर्ड्स'मध्ये मात्र बोलणाऱ्याच्या धिटाईला मान असतो.

स्वतःबद्दल घडून गेलेलं सांगतानाही चालतं, फक्त त्यात किंचित फुशारकी असते हे लक्षात ठेवावं. मित्राला निरोप लिहिताना ठीक आहे. नोकरीच्या अर्जात 'आय डोन्ट मिन्स वर्ड्स' लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. लिहिणाऱ्याला वाटतं प्रामाणिकपणा दिसला, निवडणाऱ्याला वाटतं हा माणूस सगळ्यांशी वाद घालणार. शिफारसपत्रात तर आणखी जपून. 'शी डज नॉट मिन्स हर वर्ड्स' हे वाक्य तिथे कौतुक म्हणून लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. 'शी गिव्ह्ज क्लिअर, ऑनेस्ट फीडबॅक' असं लिहा, काम होतं.

आणि समोरच्याला उद्देशून, आत्ता, 'आय वोन्ट मिन्स वर्ड्स' म्हणणं? ही सगळ्यात अवघड जागा.

५. पुढचं वाक्य आधी लिहा

मराठीत बोलताना आदर आणि मऊपणा ठेवायला आपल्याकडे कितीतरी सोयी आहेत. 'तू', 'तुम्ही', 'आपण' आहे. 'साहेब', 'ताई', 'काका' आहे. 'जरा', 'तेवढं', 'बघा ना' आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे तिथला मऊपणा दुसरीकडे वस्तीला जातो: 'मे', 'माइट', 'परहॅप्स', 'अ लिटल', 'सम', 'जस्ट', 'इट सीम्स', 'आय वॉज वंडरिंग'. इंग्रजी शिकताना हे शब्द शिष्टाचार म्हणून आपल्या अंगवळणी पडतात, आणि ते वाईट नाही. पण 'मिन्स' होतं ते यांच्यामुळेच. वाक्प्रचार वापरायचा आणि हेही सगळे ठेवायचे, असं करता येत नाही.

एक नमुना घेऊ. पुरवठादाराने माल उशिरा दिला आहे, आणि कचेरीतून असं पत्र जातं:

'विदाउट मिन्सिंग वर्ड्स, आय वुड लाइक टू से दॅट देअर सीम टू बी सम मायनर इश्यूज विथ द डिलिव्हरी टाइमलाइन.'

सुरुवातीला दमदार घोषणा, आणि मग 'वुड लाइक टू से', 'सीम', 'सम', 'मायनर', 'इश्यूज'. एका वाक्यात पाच ठिकाणी माघार. पुरवठादार हे वाचून हसेल आणि फाइल बाजूला ठेवेल.

दुरुस्ती उलट्या दिशेने करायची. वाक्प्रचार बाजूला ठेवा आणि जे म्हणायचं आहे ते मराठीत, मोठ्याने, एखाद्या सहकाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणा. 'माल २८ फेब्रुवारीला यायचा होता, आला १४ मार्चला. त्यामुळे आमचं मशीन दोन आठवडे बंद राहिलं. पुढच्या वेळी असं झालं तर ऑर्डर दुसऱ्याला देऊ.' यात राग नाही, विशेषणही नाही. काय ठरलं, काय झालं, त्याने काय नुकसान झालं, पुढे काय होईल, एवढंच आहे. आता तेच इंग्रजीत:

'द गुड्स वेअर ड्यू ऑन ट्वेंटी-एट फेब्रुवारी. दे केम ऑन फोर्टीन मार्च. अवर मशीन स्टूड आयडल फॉर टू वीक्स. इफ धिस हॅपन्स अगेन, वी विल प्लेस द ऑर्डर एल्सव्हेअर.'

आता पुन्हा वाचा आणि ठरवा, 'आय वोन्ट मिन्स वर्ड्स' याच्या आधी हवं का? बहुतेक वेळा नको असतं. पत्र स्वतःच शब्द मऊ करत नाहीये, ते सांगावं लागत नाही. काढून टाका, पत्र आणखी धारदार होतं.

मग तो ठेवायचा कधी? जिथे ऐकणाऱ्याला धक्का बसणार आहे आणि त्याला क्षणभर सावरायला वेळ द्यायचा आहे, तिथे. प्रबंधाचं मार्गदर्शन करणारी प्राध्यापिका विद्यार्थ्याला म्हणते, 'आय वोन्ट मिन्स वर्ड्स. चॅप्टर थ्री इज नॉट रेडी.' तिथे पहिलं वाक्य दार ठोठावण्याचं काम करतं. दुसरं वाक्य छोटं आहे, ते लगेच येतं, आणि त्यात 'क्वाइट', 'परहॅप्स' असलं काही नाही. ही जोडी डोक्यात ठेवा: वाक्प्रचार, पूर्णविराम, आणि लगेच एक छोटं साधं विधान. दोघांना एकाच लांब वाक्यात कोंबू नका, आणि मध्ये माफीही घालू नका. 'सॉरी, पण स्पष्ट बोलतो' हे मराठीत सहज खपतं. इंग्रजीत 'आय अॅम सॉरी बट आय विल नॉट मिन्स वर्ड्स' लिहिलं की दोन्ही पाय दोन होड्यांत.

आणखी एक पथ्य. जोर गोष्टीवर पडू द्या, माणसावर नको. 'चॅप्टर थ्री इज नॉट रेडी' हे स्पष्ट बोलणं आहे. 'यू आर केअरलेस' हा शेरा आहे. दोन्ही न कचरता म्हणता येतात, पण पहिल्यावर काम करता येतं, दुसऱ्यावर फक्त भांडता येतं.

६. शेजारच्या वाक्प्रचारांशी गल्लत करू नका

'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणजे गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणं. लाचेला 'भेटवस्तू' न म्हणता लाच म्हणणं. 'नॉट मिन्स वर्ड्स'मध्ये सुरावर भर आहे, यात नावावर. याचा इतिहास मजेदार आहे. ग्रीक गोष्टीत मॅसिडोनियाचे लोक 'स्काफे'ला स्काफे म्हणणारे रांगडे म्हणून येतात. स्काफे म्हणजे कोरून केलेलं, होडीसारखं भांडं. डच विद्वान इरॅस्मसने ते लॅटिनमध्ये नेताना खणायच्या अवजाराचा शब्द घेतला, आणि १५४२ साली निकोलस युडालच्या इंग्रजी भाषांतरात तो 'स्पेड' झाला. पत्त्यांतल्या इस्पिकाशी त्याचा संबंध नाही. तरीही अमेरिकेत वापरताना सावध राहा. विसाव्या शतकात 'स्पेड' ही तिथे कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली, म्हणून आज बरेच जण हा वाक्प्रचार टाळतात. परदेशी सहकाऱ्यांच्या बैठकीत मी 'मिन्स'च सुचवेन.

'पुल नो पंचेस' बॉक्सिंगमधून आलेला आहे. ठोसा मारताना हात आखडता न घेणं. बोलण्याइतकाच तो कृतीलाही लागतो. समीक्षा, चौकशी, कारवाई सगळीकडे चालतो. जोर 'मिन्स'पेक्षा जास्त.

'मेक नो बोन्स अबाउट इट' स्वतःबद्दलची गोष्ट न लाजता कबूल करण्यासाठी: 'शी मेड नो बोन्स अबाउट वाँटिंग द जॉब.' फटकारण्यासाठी नाही. 'टॉक टर्की' अमेरिकन आहे, सौद्याच्या बोलणीत मुद्द्यावर येण्यासाठी. आपल्याकडे त्याची गरज क्वचितच पडेल.

७. मराठीतून इंग्रजीत आणताना

'परखड', 'रोखठोक', 'सडेतोड' हे तिन्ही या वाक्प्रचाराच्या अगदी जवळ. 'हातचं न राखता' आणि 'आडपडदा न ठेवता' हेही चालतील. पण मराठीत स्पष्टपणाच्या आसपास बरीच भाऊबंदकी आहे आणि सगळ्यांना हा एकच इंग्रजी पोशाख घालता येत नाही.

फटकळ माणसाला हा मान देऊ नका. त्याच्यासाठी 'शार्प-टंग्ड' किंवा 'टॅक्टलेस' आहे. 'शालजोडीतले' हाणणारा तर नेमका उलट टोकाचा. तो जोरात मारतो, पण रेशमात गुंडाळून; इंग्रजीत ते 'व्हेल्ड इन्सल्ट'. सासूने सुनेला ऐकू जावं म्हणून लेकीला बोलणं, हेही आडूनच बोलणं झालं, कितीही झोंबलं तरी. 'कानउघाडणी' म्हणजे 'अ स्टर्न टॉकिंग-टू', ती गोड आवाजातही होते. 'झापलं' म्हणजे 'टोल्ड हिम ऑफ'. झापताना आवाज चढतो. 'मिन्स' न करता बोलायला आवाज चढावा लागत नाही, आणि बऱ्याचदा हळू आवाजातला स्पष्टपणाच जास्त झोंबतो.

'तोंडावर सांगितलं' याचं इंग्रजी करताना 'ऑन हिज फेस' लिहू नका. ते 'टू हिज फेस' आहे. 'ऑन' म्हटलं की चेहऱ्यावर काहीतरी चिकटवल्यासारखं होतं. तसंच 'आय सेड हिम ओपनली' नको, 'आय टोल्ड हिम फ्रँकली' हवं. आणि 'फ्रँकली स्पीकिंग' हे आपल्याकडचं लाडकं पालुपद दर तिसऱ्या वाक्याला आलं की उरलेली वाक्यं प्रामाणिक नव्हती का, असा प्रश्न पडतो.

'न्यायालयाने प्रशासनाला फटकारले' हा मथळा भारतीय इंग्रजीत 'कोर्ट पुल्स अप अॅडमिनिस्ट्रेशन' होतो. आपल्याला सवयीचा आहे, पण अमेरिकन वाचक गोंधळतो. परदेशी वाचकासाठी 'द कोर्ट डिड नॉट मिन्स वर्ड्स' जास्त सुरक्षित. त्यापाठोपाठ न्यायालय नेमकं काय म्हणालं, ते एका वाक्यात द्या. नुसतं फटकारलं म्हणून थांबणाऱ्या बातम्या दोन्ही भाषांत पुरेशा आहेत.

८. तुम्हाला कुणी म्हटलं तर

साहेब किंवा परदेशी ग्राहक कॉलवर म्हणाला, 'आय अॅम नॉट गोइंग टू मिन्स वर्ड्स हिअर', तर पुढची दोन वाक्यं कान देऊन ऐका आणि मध्ये बोलू नका. आपल्या सवयीने 'नो नो, सर, अॅक्चुअली' सुरू होतं, तिथेच थांबा. तो भांडायला आलाय असं धरून चालू नका. इंग्रजीत हे म्हणणारा बहुतेक वेळा एकच तक्रार घेऊन आलेला असतो आणि ती एकदाच सांगणार असतो.

त्याचं झाल्यावर त्याची तक्रार तुमच्या शब्दांत परत सांगा, मऊ न करता. तो 'द रिपोर्ट वॉज अनयूझेबल' म्हणाला असेल तर उत्तरात 'द रिपोर्ट हॅड सम गॅप्स' करू नका; तो ते लगेच पकडतो आणि तुम्ही ऐकलंच नाही असं समजतो. 'यू कुडन्ट यूज द रिपोर्ट. थँक यू फॉर टेलिंग मी स्ट्रेट. विच पार्ट डू यू नीड फिक्स्ड फर्स्ट?' एवढं पुरे. मग वही उघडा आणि तारीख विचारून घ्या.